तिचा शाळेतला दिवस कसा जाणार?

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, तिला डाऊन सिंड्रोम आहे. दोन वर्षं शिशुवर्गात जाते आणि तिथे रमली आहे. आता पहिलीसाठी दोन शाळा समोर आहेत. नेहमीची शाळा म्हणते, "घेतो, पण दिवसभर सोबत बसायला शॅडो टीचर तुम्हीच आणा, आणि वर्गाबरोबर चालली नाही तर पुढच्या वर्षी बघू." विशेष शाळा म्हणते, "उद्यापासून पाठवा." तिथे आठ मुलांमागे एक शिक्षिका आहे, स्पीच थेरपी शाळेतच मिळते. घरात दोन तट पडलेत. आई लिहिते, "ताई, काय ते एकदाच ठरवून टाकायचं आहे. आमचा निर्णय चुकला तर तिचं आयुष्य वाया जाईल का?"

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण त्याच्या ओझ्याखाली बाकीचे सगळे प्रश्न चेपले गेलेत. नाही, वाया जाणार नाही. आणि एकदाच ठरवायचं ही अट तुमची तुम्हीच घालून घेतली आहे. मी २७ वर्षं हे काम करते. आधी विशेष शाळेत शिकवलं, आता नेहमीच्या शाळांमधल्या शिक्षकांना अशा मुलांसाठी मदत करते. नेहमीच्या शाळेतून विशेष शाळेत गेलेली मुलं पाहिली, तिकडून इकडे आलेली पाहिली, अर्धा दिवस इथे आणि अर्धा तिथे काढणारीही पाहिली. तुम्ही सध्या फक्त पहिली ते तिसरीचं ठरवा. चौथीत जाणारी तुमची मुलगी कशी असेल हे आज तुम्हाला माहीत नाही, मला नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्या कुणालाच नाही.

शिवाय 'नेहमीची की विशेष' हा प्रश्नही थोडा वेळ बाजूला ठेवा. शाळेच्या पाटीवरून आतला दिवस कळत नाही. सकाळी साडेदहा वाजता तुमची मुलगी कुठे बसलेली असेल, हातात काय असेल, तिच्याशी कोण बोलत असेल, समोरचं काम ती स्वतः करत असेल की तिच्या नावावर दुसरंच कुणी, एवढं त्या वर्गात बसून तुम्हाला दिसलं की निम्मा निर्णय झाला.

पण शाळा बघायला निघण्याआधी कान आणि डोळे. पत्रात तुम्ही बुद्ध्यांकाचा आकडा लिहिलात, हृदयाची शस्त्रक्रिया कधी झाली ते लिहिलंत, कानांबद्दल मात्र एक अक्षर नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, मधल्या कानात चिकट द्रव वारंवार साठतो आणि ऐकू येणं सर्दीबरोबर कमी-जास्त होत राहतं. आज ऐकलं, उद्या नाही. घरात आपण जवळून, चेहऱ्याकडे बघत बोलतो, त्यामुळे लक्षातही येत नाही. वर्गात चाळीस मुलांच्या गलक्यात ते उघडं पडतं, आणि तिथे त्याला 'ऐकत नाही' म्हणतात. मराठीत या दोन शब्दांचे दोन अर्थ आहेत, आणि शाळा बहुधा दुसरा घेते.

दुसरीतला एक मुलगा गणिताचा तास सुरू झाला की दारातच बसकण मारायचा. उचलायला गेलं की अंग सैल सोडून द्यायचा. स्नायू मुळातच ढिले, त्यामुळे तो अगदी पोत्यासारखा जड व्हायचा. शाळेने 'हट्टी' असा शेरा मारून ठेवला होता. मी चार दिवस मागे बसून पाहिलं. भाषेच्या बाई त्याच्या बाकाजवळ उभं राहून शिकवायच्या. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. कान तपासले तेव्हा दोन्ही कानांत द्रव साठलेला निघाला. त्याला पहिल्या बाकावर आणलं, सरांना वर्गाकडे तोंड करून बोलायची सवय लावली, कानांवर उपचार झाले. बसकण लगेच थांबली नाही, सवयच झाली होती, पण त्या सत्राअखेर थांबली.

डोळ्यांचंही तसंच. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात या मुलांच्या नजरेवर अनेक वर्षं काम झालं आहे. त्यातून दिसलं की बहुतेक मुलांना जवळच्या वस्तूवर नजर नीट स्थिरावता येत नाही, आणि लांबच्या नजरेचा चष्मा लावूनही हा दोष राहतो. म्हणजे फळ्यावरचं 'घर' वाचणारी मुलगी पुस्तकातलं 'घर' वाचताना अडखळते, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत करते, आणि आपण म्हणतो की काल येत होतं, आज विसरली. अशा मुलांना बायफोकल चष्म्याचा चांगला उपयोग होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना 'जवळचं किती नीट दिसतं ते तपासा' असं मुद्दाम सांगा, नाहीतर लांबचा तक्ता वाचून घेतील आणि सोडून देतील. थायरॉइडची तपासणी दरवर्षी करायचीच. झोपेत घोरत असेल, श्वास अडखळत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. रात्री धड न झोपलेली मुलगी सकाळी वर्गात पेंगते आणि तिचा 'आळशी' म्हणून शेरा पडतो. कोलांटउड्या आणि मानेवर जोर येणारे खेळ सुरू करण्याआधी मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

आता ही मुलं शिकतात कशी, त्याबद्दल. कुठली शाळा चांगली हे त्यावरून ठरतं. डाऊन सिंड्रोम म्हणजे २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. त्याचा शिकण्यावर होणारा परिणाम सगळीकडे सारखा नसतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. कानावर पडलेलं डोक्यात धरून ठेवणं त्यांना फार जड जातं. डोळ्यांनी पाहिलेलं त्यामानाने चांगलं टिकतं. समजतं बरंच, बोलता कमी येतं. "वही काढ, पान उलट, तारीख घाल आणि फळ्यावरचं उतरव," असं बाई एका दमात म्हणाल्या की मुलीच्या हाती त्यातला शेवटचा एखादा शब्द उरतो. मग ती शेजारणीकडे बघते आणि तिच्यासारखं करते. ही नक्कल नव्हे, हुशारी आहे. तीच चार कामं चार चित्रांत बाकाच्या कोपऱ्यावर चिकटवली की बऱ्याचदा मुलगी आपली आपण करते.

आणि म्हणूनच वाचन. या मुलांच्या शिक्षणात मला सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली वाटते असं विचाराल, तर ही. नीट बोलता आल्याशिवाय वाचन कसं शिकवणार, असं पूर्वी सगळेच म्हणत. १९८०मध्ये इंग्लंडमधल्या एका वडिलांनी पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बक्ली यांना पत्र लिहिलं : माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे, तिला मी तीन वर्षांची असल्यापासून शब्दांच्या कार्डांवर वाचायला शिकवलं आणि वाचता वाचता तिचं बोलणं सुधारलं. त्या पत्रावरून बक्लींनी अभ्यास सुरू केला आणि पुढची कित्येक वर्षं तो चालला. बोलणं हवेत विरून जातं, छापलेला शब्द समोर थांबून राहतो. कानाने निसटलेलं डोळ्याने धरता येतं. 'मी पाणी पिते' मधला शेवटचा 'ते' बोलताना जो गळतो, तो कार्डावर दिसतो, आणि दिसला की हळूहळू तोंडात येतो.

आपल्याकडच्या शाळा अक्षरओळखीपासून सुरू करतात, मग काना-मात्रा, मग शब्द. या मुलांसाठी मी उलटं करते. आधी तिच्या आयुष्यातले सात-आठ अख्खे शब्द : आई, बाबा, तिचं स्वतःचं नाव, तिचा कुत्रा, चेंडू, 'दे', 'नको'. जुळवायचे, उचलायचे, मग वाचायचे. दोन-दोन शब्दांची वाक्यं. तिच्याच फोटोंचं पुस्तक, प्रत्येक पानावर एक ओळ. पन्नासेक शब्द ओळखीचे झाले की त्यातूनच 'क', 'का', 'की' वेगळं काढायला घ्यायचं. जोडाक्षरं खूप पुढची गोष्ट; पण 'आज्जी' हा शब्द मात्र मुलं पहिल्या दहातच वाचतात, त्यात जोडाक्षर आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं!

गणित मागे राहतं, याची तयारी ठेवा. हाताळता येणारी साधनं लागतात, फार उजळणी लागते, आणि शेवटी पैसे, घड्याळ, मोजमाप एवढं पक्कं झालं तरी मी खूश असते. लिहिणंही हळू येतं, कारण बोटं आखूड आणि स्नायू ढिले. जाड पेन्सिल, तिरका डेस्क, पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची. उत्तर येतंय पण लिहिता येत नाही, तर शब्दांच्या पट्ट्या चिकटवून उत्तर देऊ द्या.

आता तुमच्या दोन शाळा. १९९४मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे निघालेल्या जाहीरनाम्यात ९२ देशांच्या सरकारांनी आणि २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या २४व्या कलमाने समावेशक शिक्षणाच्या, म्हणजे सगळ्या मुलांनी एकत्र शिकण्याच्या, बाजूने स्पष्ट कौल दिला आहे. इटलीने तर १९७७मध्येच कायदा करून अशा मुलांना सर्वांच्या वर्गात आणलं. हा झाला हक्काचा भाग. उपयोगाचं बघायचं तर मला हॅम्पशायरचा अभ्यास जवळचा वाटतो. इंग्लंडमधल्या या एकाच परगण्यातल्या ४६ किशोरवयीन मुलांची त्यात तुलना केली. काही नेहमीच्या शाळेत शिकली होती, काही विशेष शाळेत, आणि ही विभागणी मुख्यतः कुटुंब कुठल्या भागात राहतं त्यावरून झाली होती. हुशार इकडे आणि कच्ची तिकडे असं नव्हतं. नेहमीच्या शाळेतली मुलं बोलण्यात साधारण अडीच वर्षं आणि लिहिण्या-वाचण्यात तीन वर्षांहून जास्त पुढे निघाली. स्वतःचं स्वतः करण्यात दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. मात्र विशेष शाळेतल्या मुलांना जिवाभावाचे मित्र-मैत्रिणी जास्त होते.

मुलं थोडी आहेत, अभ्यास एका परगण्याचा आहे, तिथल्या वर्गांत प्रशिक्षित सहायक होते, हे सगळं धरूनही दोन गोष्टी मी त्यातून घेतल्या. एक, ज्यांचं बोलणं आपल्यापेक्षा पुढे आहे अशा मुलांत दिवसभर वावरल्याने बोलणं वाढतं. वर्गातली आठही मुलं बोलत नसतील तर आपली मुलगी कुणाशी बोलणार? दुसरी, नेहमीच्या शाळेत वाचन रोज होतं. विशेष शाळेत 'यांना काय उपयोग' म्हणून ते कधी कधी आठवड्यातून दोनदा होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इंग्लंडमध्ये १९७०च्या कायद्यापर्यंत अशा मुलांना शिकवण्याजोगी नाहीत असं ठरवून शाळेबाहेरच ठेवत असत. तेव्हाच्या मुलांना वाचता येत नव्हतं यात नवल ते काय.

म्हणून मला विचाराल तर, माझा कल पहिलीसाठी नेहमीच्या शाळेकडे आहे. पण ही शाळा ज्या अटीवर तिला घेते आहे, त्या अटीवर नाही.

कारण शॅडो टीचर. एका शाळेत दुसरीचा वर्ग बघायला गेले होते. वर्गशिक्षिकेने कौतुकाने एका मुलाची वही दाखवली. पानंच्या पानं भरलेली, अक्षर रेघेवर, एक खाडाखोड नाही. त्या नसलेल्या खाडाखोडीनेच मला शंका आली. मी मुलाशेजारी बसले, कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "तुझं नाव लिहून दाखव बरं." त्याने पेन्सिल उचलली. नीट, तीन बोटांत धरली. आणि हात शॅडो टीचरकडे पुढे केला, मनगट वर करून, घड्याळ बांधून घ्यायला आपण करतो तसा. तिने मनगट धरल्याशिवाय लिहिणं सुरू होतं हे त्याच्या गावीच नव्हतं.

त्या बिचारीला मी दोष देत नाही. 'वही पूर्ण झाली पाहिजे' असं तिला सांगितलं होतं, तिने वही पूर्ण केली. मधल्या सुट्टीत ती त्याचा डबा उघडून द्यायची, त्याच्याशेजारी बसायची. मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना सात वर्षांची पोरं कशाला जवळ येतील? वर्गशिक्षिका चांगली होती, पण त्याच्याशी थेट बोलायचीच नाही. "त्याला सांगा, पुस्तक उघड," असं ती शॅडो टीचरला म्हणायची. मुलगा वर्गात होता, आणि वर्गात नव्हता. आम्ही आधी तिची खुर्ची दोन बाक मागे नेली. पहिला आठवडा त्याने काहीच लिहिलं नाही, तिच्याकडे वळून वळून बघत राहिला. तिसऱ्या आठवड्यात नावाचं पहिलं अक्षर लिहिलं, रेघ सोडून, पाय वर झालेलं. मला ते त्या सबंध वहीपेक्षा आवडलं.

तेव्हा शाळेला सांगा : मदतनीस चालेल, पण ती वर्गाची असेल, एकट्या माझ्या मुलीची नाही. ती इतर मुलांनाही बघेल, म्हणजे वर्गशिक्षिकेला आमच्या मुलीसाठी रोज दहा मिनिटं मोकळी मिळतील. तिच्यासाठी धडा सोपा कोण करणार, याचं उत्तर 'वर्गशिक्षिका' किंवा 'शाळेची विशेष शिक्षिका' असलं पाहिजे, 'शॅडो टीचर' नव्हे. मदत कधी आणि कशी कमी करायची ते सहा-सहा महिन्यांनी बसून ठरवू. आणि तुम्ही स्वतः शॅडो म्हणून बसू नका. शाळा सुचवील, नोकरी सोडायचा मोहही होईल. पण शाळेत तिला आई नको असते.

'वर्गाबरोबर चालली नाही तर' हे दुसरं वाक्य. वर्गाबरोबर ती चालणार नाहीच, हे आजच मान्य करून टाका आणि शाळेलाही करायला लावा. ती त्याच विषयावर आपलं वेगळं काम करेल. वर्ग पावसावर दहा ओळी लिहीत असेल तर ती तीन चित्रांना तीन शब्द चिकटवेल. पाऊस तोच, काम तिचं. तिची तुलना तिच्या जूनमधल्या वहीशी. हे ज्या मुख्याध्यापकांना कळतं त्यांच्याकडे प्रशिक्षित कोणी नसलं तरी मी मूल पाठवते. प्रशिक्षण देता येतं. ज्यांना कळत नाही त्यांच्याकडे रिसोर्स रूम, म्हणजे अशा मुलांसाठीची मदतीची खोली, कितीही चकचकीत असली तरी जपून.

एका वर्गात दोन वर्षं बसवायचं का, हेही तुम्ही विचारलं आहे. इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका आईवडिलांना आग्रहाने सांगितलं की मुलाला पहिलीतच आणखी एक वर्ष ठेवा, पाया पक्का होईल. पाया फारसा पक्का झाला नाही. त्याची टोळी मात्र दुसरीत निघून गेली, आणि तो मधल्या सुट्टीत दुसरीच्या दाराशी उभा राहायचा. वर्षभर. पुढे नववी-दहावीच्या वयात तो वर्गातल्या मुलांपेक्षा मोठा, वयात आलेला, त्याचे वेगळेच घोळ. त्यानंतर मी हा सल्ला जवळजवळ कधीच देत नाही. शिशुवर्गात एखादं वर्ष जास्त राहिली तर हरकत नाही. पहिलीनंतर बरोबरीच्या पोरांसोबत पुढे जाऊ द्या.

विशेष शाळेला मी नावं ठेवतेय असं समजू नका, मी तिथलीच आहे. वाईट आणि चांगली, दोन्ही पाहिली. एकीकडे चौदा वर्षांची मुलं मणी ओवत होती. मी चार वर्षांपूर्वी गेले होते तेव्हाही ओवत होती, माळसुद्धा बहुधा तीच. संध्याकाळी ती माळ सोडून ठेवत, दुसऱ्या दिवसासाठी. दुसऱ्या एका शाळेत पाच मुलांनी स्वतः लिहिलेलं वेळापत्रक मला वाचून दाखवलं, आणि त्यातली एक कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही आल्या, म्हणून चित्रकला नंतर." हे वाक्य बोलायला तिला अर्धं मिनिट लागलं. तिच्या बाई थांबल्या, मधे शब्द घातला नाही. अशा बाई जिथे असतील तिथे बिनधास्त पाठवा, पाटी कुठलीही असो.

तिथे गेलात की एकच मागा : एखाद्या मुलाची मागच्या वर्षीची आणि यंदाची वही, नाव झाकून. फरक दिसला पाहिजे. वाचन रोज होतं का ते विचारा. आठ मुलांमधली किती बोलतात ते बघा. ज्या मुलांना डाऊन सिंड्रोमबरोबर स्वमग्नताही असते, ज्यांची तब्येत फार नाजूक असते किंवा ज्यांना मोठ्या वर्गाचा गोंगाट सोसतच नाही, अशांसाठी चांगली विशेष शाळा हीच पहिली पसंती असू शकते. तुमच्या मुलीत तसं काही पत्रावरून तरी दिसत नाही. शिशुवर्गात ती तीस मुलांत रमली आहे, ही मला सगळ्यात मोठी खूण वाटते.

दोन्हीकडे अर्धी जात असेल तर? वरवर छान वाटतं. पण दोन गणवेश, दोन बाई, दोन पद्धती, आणि कुठल्याच वर्गात ती पूर्ण आपली नसते. एखाद्या विशिष्ट कामासाठी, म्हणजे आठवड्यातून दोन दुपारी स्पीच थेरपीसाठी विशेष शाळेत, हे मात्र जमतं.

वर्गात बसाल तेव्हा आणखी एक गोष्ट टिपा. काम अवघड झालं की यातली पुष्कळ मुलं लाडीगोडी लावतात. बाईंच्या गळ्यात पडतील, गाणं म्हणतील, टाळ्या वाजवून सगळ्यांना हसवतील. समोरचं माणूस विरघळतं आणि काम टळतं. एडिंबराच्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर विशार्ट यांनी अगदी लहान मुलांमध्येही ही टाळाटाळ नोंदवली आहे. चांगली शिक्षिका मिठी घेते, हसते, आणि मग काम थोडं सोपं करून पुन्हा पुढे ठेवते. जी फक्त 'किती गोड आहे हो' म्हणते तिच्या वर्गात तुमची मुलगी वर्षभर गोडच राहील.

शाळेची भाषा वेगळी असेल तर 'घरी मराठी बंद करा' असं तुम्हाला हमखास सांगतील. करू नका. २००५मध्ये कॅनडात झालेल्या अभ्यासात दोन भाषांत वाढणारी डाऊन सिंड्रोमची मुलं एकाच भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत. घरची भाषा काढून घेतली तर घरातल्या गप्पाच जातात, आणि बोलायला ती शिकते ती गप्पांतूनच. बोलणं अडतंय तोवर हाताच्या खुणा वापरल्यात तर बोलणं मागे राहील, ही भीतीही सोडा; शब्द तोंडात आला की मुलं खूण आपणहून टाकून देतात.

तुम्ही पाब्लो पिनेदांचं नाव लिहिलंत. स्पेनमधले हे गृहस्थ, डाऊन सिंड्रोम असून विद्यापीठाची पदवी घेणारे युरोपातले पहिले म्हणून ओळखले जातात. त्यांच्याबद्दल जरूर वाचा, आवडलं तर भिंतीवर फोटोही लावा. पण साडेपाच वर्षांच्या पोरीच्या दप्तरात ते ओझं ठेवू नका. या मुलांमध्ये आपापसात फार फरक असतो, इतर मुलांमध्ये असतो तितकाच.

मित्रांचा प्रश्न आज नाही, दहा-अकराव्या वर्षी येईल. वर्गातल्या मुलींचे विषय बदलतील, त्या भराभर बोलू लागतील आणि ही मागे राहील. हॅम्पशायरच्या अभ्यासातला तो उणा भाग हाच. त्याची तरतूद आत्तापासून करा : तिच्यासारख्याच मुलांचा एखादा गट, नाच, पोहणं, आठवड्यातून एकदा, शाळेबाहेर. शाळा नेहमीची निवडली म्हणून डाऊन सिंड्रोमच्या दुसऱ्या मुलांपासून तिला लांब ठेवू नका. आपल्यासारखं कोणी आहे हे तिलाही कधीतरी बघायचं असतं.

आता कामाचं. वर्गशिक्षिकेसाठी एकच पान तयार करा. वर तिचा हसरा फोटो. खाली तिला काय काय येतं, ते आधी. मग कसं सांगितलं की कळतं : समोर येऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच गोष्ट, सांगून झालं की मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. कुठल्या खुणेचा काय अर्थ. कंटाळली की काय करते आणि तेव्हा घरी तुम्ही काय करता. बुद्ध्यांक त्या पानावर लिहू नका. त्या चाचण्या बोलण्यावर टेकलेल्या असतात आणि आकडा एकदा वाचला की डोक्यातून जात नाही. कानांचा अहवाल मात्र जोडा, आणि कुठल्या बाजूने कमी ऐकू येतं ते ठळक लिहा, म्हणजे बाक त्याप्रमाणे मिळेल.

मग नेहमीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून मदतनिसाबद्दलच्या त्या अटी त्यांच्यापुढे ठेवा, आणि दोन्ही शाळांत एकेक सकाळ बसायची परवानगी मागा. एखादी शाळा बसू देत नसेल तर तेही लिहून कळवा. साडेदहाला काय दिसलं ते वाचल्यावर पुढचं बोलू.